वनस्पतींपासून विघटनशील प्लास्टिक: शिजवणं सोपं, वाळवणं अवघड

स्टार्च, पाणी, ग्लिसरीन आणि थोडं व्हिनेगर एकत्र शिजवायचं, ताटात ओतायचं, वाळलं की प्लास्टिक तयार. ही कृती तुम्ही कुठेतरी पाहिली असेलच, आणि ती खरीही आहे. अडचण एवढीच की ती जिथे संपते तिथून पुढे खरं काम असतं. ओतलेला थर मधोमध तडकतो, कडा वर वळतात, जाड भागावर बुरशी धरते आणि नवशिका बिचारा पुन्हा पुन्हा प्रमाणच बदलत बसतो. प्रमाणात सहसा फारसं चुकत नाही. चुकतं ते वाळवण्यात. म्हणून या लेखात शिजवण्यापेक्षा वाळवण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

इथे सांगितलेली पद्धत घरच्या शेगडीवर, शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा छोट्या कार्यशाळेत जमण्यासारखी आहे. रसायनशास्त्र येत नसलं तरी चालेल, वजनकाटा मात्र लागेल.

१. आधी वस्तू ठरवा

कृती निवडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. वस्तूला पाणी लागणार आहे का? ती वाकली पाहिजे की ताठ राहिली पाहिजे? आणि ती किती दिवस टिकायला हवी?

कोरड्या वस्तूचं वेष्टन, बियांची पाकिटं, खुणेच्या चिठ्ठ्या, रोपासोबत मातीत पुरायची छोटी कुंडी, दिव्यावरची अर्धपारदर्शक शेड (एलईडी दिवा असेल तरच), दागिन्यांचे किंवा सजावटीचे तुकडे: एवढं घरगुती स्टार्च-प्लास्टिकमधून चांगलं होतं. पाण्याची बाटली, ओल्या मालाची पिशवी, गरम पेयाचा कप यांच्या वाटेला जाऊ नका. स्टार्चला पाण्याची ओढ असते. ती ग्लिसरीनने कमी होत नाही, उलट वाढते. भिजलेली शीट फुगते, मऊ पडते आणि ओढली की फाटते. हा तुमच्या हाताचा दोष नाही. जी गोष्ट ओलाव्याला इतकी चटकन जागा देते, तिच्यातच सूक्ष्मजीव लवकर शिरकाव करतात. विघटनशीलता आणि पाण्याची भीती या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात.

२. कच्चा माल निवडा

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंच्या लांब साखळ्या. त्यात दोन प्रकार मिसळलेले असतात: सरळ साखळ्यांचं अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. सरळ साखळ्या एकमेकींना लागून नीट बसतात, त्यामुळे अमायलोज जास्त असेल तर फिल्म मजबूत होते. मक्याच्या नेहमीच्या स्टार्चमध्ये अमायलोज साधारण २५ टक्के असतं, बटाट्याच्या स्टार्चमध्ये २० टक्क्यांच्या आसपास, कसाव्याच्या (ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याच्या) स्टार्चमध्ये त्याहून थोडं कमी. मक्याची फिल्म किंचित दुधाळ दिसते, बटाट्याची आणि कसाव्याची जास्त पारदर्शक. पहिल्या प्रयोगाला मका घ्या. तो सगळीकडे मिळतो आणि दर वेळी जवळपास सारखाच वागतो.

खरेदी करताना एक सापळा आहे. तुम्हाला हवा आहे शुद्ध स्टार्च, म्हणजे पांढरीशुभ्र, चिमटीत दाबली की कुरकुरणारी भुकटी. तिच्या पाकिटावर बहुधा कॉर्नफ्लोअर किंवा कॉर्नस्टार्च असं लिहिलेलं असतं. दळलेलं मक्याचं पीठ वेगळं. त्यात प्रथिनं, तेल आणि कोंडा असतो, त्यामुळे फिल्म खरखरीत, कमकुवत होते आणि लवकर नासते.

बटाट्यापासून स्टार्च घरीही काढता येतो. बटाटे किसून भरपूर पाण्यात कालवायचे, फडक्यातून गाळायचे, गाळलेलं पाणी अर्धा तास हलवायचं नाही. तळाशी बसलेला पांढरा साका म्हणजे स्टार्च. वरचं पाणी ओतून टाकायचं आणि नवं पाणी घालून हे दोन-तीनदा करायचं. शिकवायला ही पद्धत छान आहे. उत्पादनाला मात्र फायद्याची नाही, कारण बटाट्यात मुळातच स्टार्च साधारण १५ ते २० टक्के, आणि त्यातलाही बराच किसात अडकून राहतो.

स्टार्चखेरीज दोन पर्याय लक्षात ठेवा, दोन्ही समुद्री शेवाळापासून मिळणारे. लाल शेवाळातून अगर मिळतं, तपकिरी शेवाळातून सोडियम अल्जिनेट. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

पीएलए आणि पीएचए ही दोन जैविक प्लास्टिकची नावंही तुमच्या वाचनात येतील. पीएलएसाठी स्टार्चची साखर करतात, ती आंबवून लॅक्टिक आम्ल मिळवतात आणि मग त्याची लांब साखळी बांधतात. पीएचए तर जिवाणू स्वतःच्या पेशींत साठवतात. या गटातलं पीएचबी फ्रेंच संशोधक मॉरिस लमॉइन यांनी १९२६ मध्ये ओळखलं. ही दोन्ही कारखान्याची कामं आहेत. पातेल्यात पीएलए बनवायला शिकवतो असं कुणी म्हणालं तर तिथून निघा.

३. साहित्य जमवा

एका शीटसाठी:

- मक्याचा स्टार्च: १० ग्रॅम
- पाणी: १०० मिली
- ग्लिसरीन: ३ मिली
- पांढरं व्हिनेगर, ५ टक्क्यांचं: ५ मिली

साधनं:

- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा
- सुईविरहित सिरिंज किंवा मापाचा छोटा कप
- जाड बुडाचं पातेलं
- सिलिकॉनचा चपटा चमचा
- २०० अंशांपर्यंतचा थर्मामीटर (नसला तरी अडत नाही)
- ओतण्यासाठी सपाट, कडा असलेला ट्रे आणि त्यात बसणारी सिलिकॉनची किंवा न चिकटणारी शीट
- बारीक जाळी, दोन सपाट फळ्या, वजनासाठी काहीतरी जड
- स्पिरिट लेव्हल (जागा समपातळीत आहे का ते दाखवणारं साधन), किंवा मोबाइलमधलं तेच काम करणारं अ‍ॅप
- वही

ग्लिसरीन घेताना शुद्ध घ्या. सुगंध किंवा पाणी मिसळलेल्या सौंदर्यप्रसाधनाच्या बाटलीने सगळं प्रमाण बिघडतं. ग्लिसरीन प्राण्यांच्या चरबीपासूनही तयार होतं, त्यामुळे सगळं वनस्पतिजन्यच हवं असेल तर लेबलवर तसा उल्लेख आहे ना ते बघा.

काचेवर थेट ओतू नका. स्टार्च काचेला असा काही धरतो की शीट सुटण्याआधी फाटते.

४. ग्लिसरीनचं गणित समजून घ्या

नुसता स्टार्च आणि पाणी शिजवून वाळवलं तर काचेसारखा कडक, ठिसूळ पापुद्रा मिळतो. साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात. ग्लिसरीनचे छोटे रेणू त्यांच्यामध्ये शिरतात आणि साखळ्यांना एकमेकींवरून सरकायला जागा देतात. शिवाय ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि तो ओलावाही फिल्म मऊ ठेवतो.

ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असतं. १ मिली म्हणजे साधारण १.२६ ग्रॅम. त्यामुळे १० ग्रॅम स्टार्चला:

- २ मिली घातलं तर स्टार्चच्या वजनाच्या सुमारे २५ टक्के. शीट ताठ, वाकवली तर मोडू शकते.
- ३ मिली म्हणजे ३८ टक्क्यांच्या आसपास. वाकते, घडीही बऱ्यापैकी सोसते.
- ५ मिली म्हणजे ६० टक्क्यांच्या वर. रबरासारखी मऊ, दमट हवेत चिकट, ओढली की सहज लांबते.

बऱ्याच कृतींत सरसकट 'एक चमचा' सांगितलेला असतो, म्हणजे ५ मिली. मग शीट चिकटते आणि लोक वैतागतात. पहिल्यांदा ३ मिलीच घ्या. पुढे तुमच्याकडची हवा बघून अर्धा-अर्धा मिली कमी-जास्त करा. कोरड्या हवेत जास्त लागेल, दमट हवेत कमी.

व्हिनेगर कशाला? आम्ल आणि उष्णता मिळून स्टार्चच्या काही साखळ्या तोडतात, खळ जरा सैल पडते आणि ओतायला सोपी जाते. वास वाळताना उडून जातो. व्हिनेगर दुप्पट केलं म्हणून फिल्म दुप्पट चांगली होत नाही. साखळ्या फार तुटल्या तर ती कमकुवतच होते.

५. शिजवा

थंड पाण्यात स्टार्च, ग्लिसरीन आणि व्हिनेगर एकत्र करा. एकही गुठळी राहता कामा नये, आणि हे सगळं शेगडी पेटवण्याआधी. गरम पाण्यात स्टार्च टाकलात तर प्रत्येक गोळ्याचं बाहेरचं आवरण शिजतं आणि आत कोरडी भुकटी अडकते. ती मग कितीही ढवळा, निघत नाही.

मंद आचेवर ठेवून सतत ढवळत राहा. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटेल. मिश्रण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात आलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि दुधासारखं पाणी बघता बघता घट्ट होतं. इथेच बहुतेकजण थांबतात, आणि इथे थांबायचं नसतं. घट्ट झालं म्हणजे शिजलं असं नाही. आच बारीक ठेवून आणखी आठ-दहा मिनिटं ढवळा. पांढरेपणा जाऊन खळ अर्धपारदर्शक आणि चकचकीत झाली, चमच्यावरून एकसंध ओघळू लागली, की शिजली.

ढवळताना चमचा तळाला घासत फिरवा, घुसळू नका. घुसळण्याने हवा आत जाते आणि प्रत्येक बुडबुडा पुढे शीटमधलं भोक होतो. बुडबुडे झालेच तर पातेलं झाकून दोन-तीन मिनिटं ठेवा आणि ओट्यावर हलकेच आपटा.

सांभाळा: ही खळ त्वचेला चिकटते आणि उष्णता धरून ठेवते. उकळत्या पाण्याचा शिंतोडा ओघळून जातो, हिचा जात नाही. मुलांसोबत करत असाल तर शिजवणं आणि ओतणं मोठ्यांनीच करावं. उरलेली खळ मोरीत टाकू नका, नळीत जाऊन घट्ट होते. पातेलं गार पाण्यात भिजत ठेवा आणि साका खरवडून कंपोस्टमध्ये घाला.

रंग किंवा भर घालायची असेल तर ती आच बंद करण्याआधी दोन मिनिटं. बारीक दळलेलं लाकूड, वाळलेली पानं, केळीचा किंवा नारळाचा तंतू अशी भर घातली की आकुंचन कमी होतं आणि शीट ताठ होते, पारदर्शकता मात्र जाते. स्टार्चच्या वजनाच्या १० टक्क्यांपासून सुरुवात करा. भर पूर्णपणे वाळलेली असू द्या, नाहीतर बुरशीला आयतं घर मिळतं. वनस्पतिजन्य रंग उजेडात फिके पडतात, हे आधीच गृहीत धरा.

६. ओता

ट्रे ठेवण्याची जागा स्पिरिट लेव्हलने तपासून घ्या. एक बाजू दोन मिलिमीटर जरी खाली असेल तरी शीट तिकडे जाड होणार, दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने वाळणार आणि मधेच भेग जाणार.

किती मोठा ट्रे घ्यायचा, हे हिशेबाने ठरतं. १०० मिली खळ २० बाय २५ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये ओतली तर २ मिलिमीटरचा ओला थर होतो. वाळल्यावर तो पाव मिलिमीटरच्या जवळपास उरतो. वेष्टनाला तेवढी जाडी पुरते. जास्त जाड हवी असेल तर एकदम ५ मिलिमीटर ओतण्याचा मोह टाळा. एक थर अर्धवट वाळल्यावर दुसरा थर द्या.

खळ गरम असतानाच मधोमध ओता आणि सपाट पट्टीने एका दमात कडेपर्यंत ओढा. वरची साय धरायला लागली की हात लावू नका. नंतर केलेली डागडुजी कायम दिसते.

७. वाळवा

आता मुख्य काम. ओतलेल्या थरात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते जाताना थर आकसतो. पृष्ठभागावरचं पाणी आधी जातं, आतलं मागे राहतं. वरची कातडी आकसू पाहते, खालचा ओला भाग तिला आकसू देत नाही, आणि हा ताण सहन झाला नाही की भेग पडते. म्हणजे वरचं आणि आतलं पाणी शक्यतो एकाच चालीने बाहेर पडलं पाहिजे. बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात.

पहिला दिवस हळूहळू. ट्रे सावलीत ठेवा, थेट वारा नको. वरून पातळ कापड ताणून बसवा, ते खळीला टेकता कामा नये. कडक उन्हात ठेवायची घाई अंगाशी येते. वरचा भाग दोन तासांत कडक होतो आणि संध्याकाळपर्यंत शीटचे चार तुकडे झालेले असतात.

दुसऱ्या दिवसापासून हवा खेळती ठेवा. आता थर जेलीसारखा न राहता चामड्यासारखा लागतो. कापड काढा, पंखा मंद करून भिंतीकडे वळवा, म्हणजे खोलीतली हवा फिरेल पण झोत थेट शीटवर येणार नाही. २५ ते ३० अंश तापमान आणि मध्यम आर्द्रता असेल तर पाव मिलिमीटरची शीट दोन ते चार दिवसांत वाळते.

कडा सुटू लागल्या की उलटा. हा क्षण महत्त्वाचा आहे. कडा वर वळायला लागतात तेव्हा वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा कोरडी झालेली असते. अजून थोडं थांबलात तर ती वळण कायमची धरेल. सिलिकॉनची शीट हळूच सोलून काढा, फिल्म जाळीवर उलटी टाका, वर दुसरी जाळी ठेवा आणि तिच्या कडांवर हलकं वजन द्या. दोन्ही बाजूंनी हवा लागली पाहिजे.

शेवटी दाब. हाताला कोरडी लागली तरी आत ओल असते. साध्या कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून दोन फळ्यांखाली एक दिवस दाबा. कागद दमट लागले तर बदला.

पावसाळी, दमट हवेत हे वेळापत्रक कोलमडतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही थर ओलाच राहिला तर बुरशीची वेळ झाली म्हणून समजा. तेव्हा ओव्हन वापरा: ५० ते ६० अंश, दार किंचित उघडं, आणि तेही पहिला दिवस बाहेर गेल्यानंतरच. त्याहून जास्त तापमानाला आतल्या पाण्याचे फुगे येतात. खळीत लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब घातले तर बुरशी उशिरा धरते. वास मात्र राहतो, तो आवडणार असेल तरच.

वाळली की नाही, हे बोटाने ठरवू नका, काट्याने ठरवा. ओतल्यावर ट्रेसकट वजन करून वहीत लिहा आणि रोज एकदा त्याच वेळी वजन घ्या. सलग दोन दिवस वजन बदललं नाही की शीट वाळली. वरच्या प्रमाणात १० ग्रॅम स्टार्च आणि पावणेचार ग्रॅम ग्लिसरीन आहे, पातेल्याला थोडं चिकटून जातं, थोडा ओलावा आत राहतोच. म्हणजे शीटचं अंतिम वजन १३ ते १६ ग्रॅममध्ये कुठेतरी येईल. २० ग्रॅम भरत असेल तर ती अजून ओली आहे, मग दिसायला कितीही कोरडी दिसो.

वहीत वजनासोबत खोलीचं तापमान आणि आर्द्रताही लिहा. पुढच्या वेळी 'मागच्या खेपेला इतकी छान कशी झाली होती' हा प्रश्न पडणार आहे, आणि स्मरणशक्ती त्याचं उत्तर देत नाही.

८. शीट बिघडली तर

मधोमध भेगा: फार लवकर वाळली, किंवा थर असमान होता. आधी ट्रेची पातळी तपासा, मग हवेचा झोत. ग्लिसरीन सर्वांत शेवटी.

पांढरे ठिपके: स्टार्च पुरता शिजला नाही किंवा गुठळ्या राहिल्या.

चिकट आणि लोळागोळा: ग्लिसरीन जास्त, किंवा हवा दमट. तीच शीट कोरड्या हवेत दोन दिवस ठेवून बघा, पुष्कळदा आपोआप सुधारते.

काळे-हिरवे ठिपके: बुरशी. पुसून वापरू नका. शीट कंपोस्टमध्ये टाका, ट्रे आणि जाळी गरम पाण्याने धुवा.

काही आठवड्यांनी कडक होणं हा दोष नाही, स्टार्चचा स्वभाव आहे. मोकळ्या झालेल्या साखळ्या हळूहळू पुन्हा एकमेकींजवळ येऊन रचना धरतात. ग्लिसरीनमुळे हे लांबतं, थांबत नाही. म्हणून वस्तूवर बनवल्याची तारीख घाला आणि पहिल्या महिन्याभरात वापरायच्याच गोष्टी यातून करा.

९. पाण्यापासून थोडा बचाव

पूर्णपणे जलरोधक करण्याच्या नादी लागू नका. शिंतोड्यांपुरता बचाव मात्र होतो. एका ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नौबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. ते गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून ब्रशने अगदी पातळ लावा. जाड थर घडीवर तडकतो.

जवसाचं तेलही चालतं. ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन कडक होतं. पातळ हात मारून आठवडाभर वाळू द्या. पण एक गोष्ट कधीच विसरू नका: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. 'उकळलेलं' म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असू शकतात. वस्तू मातीत जाणार असेल तर साधं तेल घ्या.

पॉलियुरेथेन किंवा अ‍ॅक्रिलिक वॉर्निश लावलंत तर वस्तू सुंदर दिसेल आणि सगळा खटाटोप वाया जाईल. त्या पातळ थराचे तुकडे मातीत तसेच पडून राहतात.

१०. अगर आणि अल्जिनेट

अगरची शीट पारदर्शक आणि नाजूक होते. १०० मिली पाण्याला ३ ग्रॅम अगर आणि १ ते १.५ मिली ग्लिसरीन घ्या. अगर ८५ अंशांच्या वर विरघळतं आणि ४० अंशांच्या खाली आल्यावर गोठतं, त्यामुळे ओतायला स्टार्चइतका वेळ मिळत नाही. चूक झाली तरी बिघडत नाही, पुन्हा तापवून ओता. नवशिक्याला ही मोठी सवलत आहे. आकसतं मात्र भरपूर. ताणून धरलेल्या चौकटीत वाळवलं नाही तर शीट सुरकुततेच.

अल्जिनेट वेगळंच प्रकरण आहे, आणि खरं सांगायचं तर मला या तिघांत तेच जास्त आवडतं. त्याला शेगडी लागत नाही. २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवा, नाहीतर पाण्यात पडताक्षणी त्याच्या गुठळ्या होतात. मग १०० मिली पाण्यात मिसळा आणि बुडबुडे जाण्यासाठी रात्रभर झाकून ठेवा. पातळ थर ओतून त्यावर कॅल्शियम क्लोराईडचं ५ टक्क्यांचं द्रावण फवारा. कॅल्शियमचे आयन (विद्युतभारित कण) शेजारशेजारच्या साखळ्यांना जोडतात आणि द्रवाचा घट्ट पापुद्रा डोळ्यांदेखत तयार होतो. तो साध्या पाण्यात विरघळत नाही. खारट पाण्यात मात्र सोडियम पुन्हा कॅल्शियमची जागा घेतो आणि पापुद्रा मऊ पडत जातो. कॅल्शियम क्लोराईड पाण्यात टाकताना पाणी तापतं, म्हणून थोडं थोडं टाका, हातमोजे घाला आणि डोळे जपा. जोडणी झाल्यावर शीट साध्या पाण्याने धुऊन मगच वाळवा, नाहीतर उरलेलं क्षार ओलावा ओढत राहतं.

११. तपासून बघा

तीन साध्या चाचण्या पुरतात. एक, घडी: पट्टी दुमडून उलगडा, कितव्या घडीला मोडते ते लिहा. दोन, पाणी: ३ बाय ३ सेंटिमीटरचा तुकडा वजन करून पाण्यात दहा मिनिटं ठेवा, टिपून पुन्हा वजन करा, वाढ किती झाली ते काढा. तीन, माती: ५ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा जाळीच्या पिशवीत घालून ओलसर मातीत दहा सेंटिमीटर खोल पुरा. शेजारी तेवढाच कागदाचा तुकडा आणि नेहमीच्या प्लास्टिकचा तुकडा पुरा. दर आठवड्याला काढून फोटो घ्या. शेजारी कागद नसेल तर तुमच्या शीटचं विघटन जलद झालं की मातीतच दम होता, हे कळत नाही.

तुकडा दिसेनासा होणं आणि त्याचं पूर्ण विघटन होणं यात फरक आहे. स्टार्च आणि ग्लिसरीनच्या बाबतीत काळजीचं कारण नाही, दोन्ही सूक्ष्मजीवांचं अन्नच आहे. पण त्यात दुसरं काही मिसळलं असेल तर जाळीतली माती चाळून बघा.

१२. विकायचं किंवा वाटायचं असेल तर

वनस्पतींपासून बनलेलं प्रत्येक प्लास्टिक कुजत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायची तयारी ठेवा. उसाच्या इथेनॉलपासून बनवलेलं पॉलिथिलीन खनिज तेलापासूनच्या पॉलिथिलीनइतकंच चिवट असतं. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक बहुतेक करून खनिज तेलापासूनच बनतं, तरी ते विघटनशील आहे. पीएलएची वस्तू घरच्या खड्ड्यात पुरून फार अपेक्षा ठेवू नका, तिला औद्योगिक कंपोस्टमधलं ६० अंशांच्या जवळचं तापमान लागतं.

'कंपोस्टेबल' असं छापायचं तर त्यामागे चाचणी हवी. ईएन १३४३२ हे युरोपीय मानक वेष्टनांसाठी आहे. त्यात औद्योगिक कंपोस्टमध्ये १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ मालाच्या १० टक्क्यांहून जास्त उरता कामा नये, आणि ६ महिन्यांत ९० टक्के जैविक विघटन व्हावं लागतं. जड धातूंच्या मर्यादा आणि त्या कंपोस्टमध्ये रोपं नीट वाढतात का याची तपासणी वेगळी. आयएसओ १७०८८ आणि एएसटीएम डी६४०० ही त्याच धर्तीची मानकं. प्रयोगशाळेकडे जाताना हे जवळ ठेवा:

- सर्व घटकांची टक्केवारीसह यादी, रंग आणि लेपासकट
- प्रत्येक घटकाचं पुरवठादाराकडचं सुरक्षा माहितीपत्रक
- शीटची कमीत कमी आणि जास्तीत जास्त जाडी
- एकाच खेपेतले पुरेसे नमुने आणि त्या खेपेच्या नोंदी

जाडीकडे दुर्लक्ष करू नका. मंजुरी ठरावीक जाडीपर्यंतच लागू असते, नंतर जाड शीट बनवली तर तो कागद तिला लागू पडत नाही. अन्नाला लागणाऱ्या वेष्टनाची परवानगी ही आणखी वेगळी प्रक्रिया आहे. सगळे घटक खाण्याजोगे आहेत एवढ्यावर ती मिळत नाही.

चाचणी होईपर्यंत पाकिटावर घटकांची नावं, बनवल्याची तारीख आणि 'कोरड्या जागी ठेवा' एवढंच छापा.